त्रिकोणी डोक्याचा नियम

डोकं त्रिकोणी असलं की साप विषारी. हा नियम मला नाशकात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी सांगितलाय. गंगापूर रोडला फिरायला येणाऱ्या निवृत्त काकांनी, दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी, दिंडोरीच्या माझ्या मामांनी आणि शेजारच्या सहावीतल्या मुलाने तर वहीत आकृती काढून. नियम सोपा आहे, चटकन लक्षात राहतो, आणि आपल्या भागात तो माणसाचा जीव घेऊ शकतो. कारण नागाचं डोकं त्रिकोणी नसतं. मण्यारीचंही नसतं. मण्यारीचं डोकं मानेइतकंच रुंद, गोलसर, अगदी निरुपद्रवी वाटावं असं. उलट अजगराचं डोकं चांगलं ठसठशीत त्रिकोणी, आणि त्याच्याकडे विष नावालाही नाही. म्हणजे हा नियम पाळणारा माणूस अजगराला घाबरून मारेल आणि मण्यारीला काठीने बाजूला सारायला जाईल.

असेच आणखी नियम फिरत असतात. डोळ्यातली बाहुली उभ्या चिरेसारखी असेल तर विषारी, गोल असेल तर बिनविषारी. नागाची बाहुली गोल असते. मांडुळाची उभी असते, आणि मांडुळाइतका गरीब साप दुसरा नाही. शिवाय सापाच्या डोळ्यातली बाहुली दिसेपर्यंत जवळ जायचं, हा सल्लाच मला भयंकर वाटतो. मग भडक रंगाचा विषारी, मळकट रंगाचा साधा. घोणस वाळलेल्या पाल्याच्या रंगाची असते, तिच्याइतकी मळकट कोण? आणि दोन दातांच्या खुणा दिसल्या तरच विषारी, नाहीतर नाही. या शेवटच्या नियमाने किती माणसं घरातच बसून राहिली असतील, याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

मला जे सांगायचंय ते एवढंच की विषारी आणि बिनविषारी सापांना वेगळं करणारी एकही अशी खूण नाही जी सगळ्या सापांना लागू पडेल. भारतात सापांच्या 300 च्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या साठेक विषारी. या सगळ्यांना एका चाळणीतून गाळता येत नाही. पण आपल्याला तीनशे सापांशी संसार करायचाच नाहीये. आपल्या गावात, आपल्या बांधावर, आपल्या पार्किंगमध्ये जे दहा-बारा साप दिसतात तेवढे चेहऱ्याने ओळखीचे झाले की पुरे. त्यातही चारच असे आहेत की ज्यांच्यामुळे महाराष्ट्रात प्रामुख्याने माणसं दगावतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. गल्लीतल्या माणसांना आपण नाकाच्या मापावरून ओळखत नाही. चाल, अंगलट, कोणत्या वेळेला कुठे भेटतात, हे सगळं मिळून ओळख होते. सापांची ओळख तशीच करून घ्यावी लागते.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला आहे, जिथे द्राक्षबागा संपतात आणि बिल्डिंगा सुरू होतात. गेल्या काही वर्षांत ही सीमा सारखी पुढे सरकतेय. म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाटा, सगळीकडे तेच. बाग उपटली, प्लॉट पडले, भिंत बांधली, तरी तिथले उंदीर कुठे जात नाहीत आणि उंदरांमागे येणारे सापही जात नाहीत. त्यामुळे जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला, बिळांत पाणी शिरलं, की फोन सुरू होतात. आमच्या भागात एक सर्पमित्र आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, संध्याकाळनंतर हे काम. मी जे काही शिकले त्यातलं पुष्कळसं त्यांच्या मागे मागे, सुरक्षित अंतरावर उभं राहून शिकले. पुस्तकं नंतर वाचली.

त्यांनी एकदा माझ्या हातात एक कात ठेवली. एका मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत, पोत्यांच्या मागे सापडलेली. "ताई, ही उजेडात धरा आणि पाठीच्या मधोमध बघा," म्हणाले. कातीवर रंग जवळपास राहतच नाही, पट्टे असले तर अगदी पुसट दिसतात, म्हणून खवल्यांकडेच पाहावं लागतं. मी ती खिडकीशी धरली. दोन्ही बाजूंना बारीक, एकसारख्या खवल्यांच्या रांगा होत्या, आणि बरोबर कण्याच्या रेषेवर एक रांग निराळी होती. मोठे, स्पष्ट सहा कोनांचे खवले, एकापुढे एक, मानेपासून शेपटीपर्यंत. मग त्यांनी कात उलटी करायला सांगितली. पोटावरच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या गुदद्वाराच्या पुढे शेपटीखालीही तशाच अखंड चालू होत्या. बहुतेक सापांत तिथून पुढे त्या पट्टीचे दोन भाग होतात आणि मधोमध नागमोडी शिवण दिसते. इथे शिवण नव्हती. "मण्यार," दादा म्हणाले, "आणि इथे रोज रात्री माणूस मोटार चालू करायला येतो."

त्यांच्याकडे दुसरी एक कात होती, कवड्या या बिनविषारी सापाची. तिच्यात पाठीवरची रांग वेगळी काढता येत नव्हती आणि शेपटीखाली शिवण स्पष्ट होती. दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक इतका उघड दिसतो की पुन्हा विसरणं शक्य नाही.

पण हा फरक कातीवर पाहायचा असतो. जिवंत साप समोर असताना खवले मोजायला कुणी जायचं नाही. जिवंत सापाचे पट्टे दुरून पाहायचे. मण्यारीचं अंग काळं, निळसर झाक असलेलं आणि तुकतुकीत असतं. त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात, बऱ्याचदा जोडीजोडीने. ते डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक होत जातात. कवड्याचं नेमकं उलट. त्याचा रंग तपकिरी, पट्टे पिवळसर, मानेपासूनच ठळकपणे सुरू होतात आणि शेपटीकडे जाता जाता विरून जातात. कवड्या लहानखुरा, फूट-दीड फुटाचा, चपट्या डोक्याचा. पाली खायला तो भिंतीवर सरसर चढतो, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, खिडकीच्या ग्रिलवर, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरही सापडतो. बाथरूममध्ये निघालेल्या आणि फिनेल ओतून किंवा चपलेने ठेचून मारलेल्या ज्या सापाला लोक मण्यार म्हणतात, तो बहुतेक वेळा हा कवड्याच असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. पाली खाण्यापलीकडे त्याने कुणाचं काही केलेलं नसतं.

तरीही हेही सांगायला हवं की काही मण्यारींवर पट्टे इतके पुसट असतात की नसल्यातच जमा. म्हणून काळा, तुकतुकीत साप रात्रीचा दिसला आणि खात्री वाटत नसेल तर त्याला मण्यारच समजायचं आणि लांब राहायचं. शंकेचा फायदा सापाला जिवंत सोडण्यापुरता द्यावा, हाताळण्यासाठी कधीच नाही.

मण्यारीबद्दल जरा जास्तच लिहितेय, कारण ती मला सगळ्यांत जास्त धास्तावते. नाग फणा काढतो, घोणस आवाज करते. मण्यार काहीच सांगत नाही. दिवसा सापडली तर वेटोळं करून त्यात डोकं लपवून पडून राहते, चावण्याचं नाव नाही. त्यावरून तिला गरीब समजणारे लोक आहेत. रात्री तीच मण्यार अंधारात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दात इतके लहान की चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. जळजळ नाही, सूज नाही, रक्त नाही, कधी कधी खूणसुद्धा नाही.

मामांच्या शेजारच्या बागेत छाटणीच्या कामाला पेठकडचं एक कुटुंब आलं होतं. बागेच्या कडेलाच पत्र्याची खोली, खाली गोणपाट आणि चादर. तरुण माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठला. रात्री खाल्लेलं बाधलं असेल असं सगळ्यांना वाटलं. ओवा दिला, गरम पाणी दिलं. मग घसा दुखतो म्हणाला. त्याच्या बायकोच्या लक्षात आलं की तो बोलताना डोळे पूर्ण उघडत नाहीये. झोपेत आहे म्हणावं तर झोप नव्हती. तो भुवया वर ओढून, कपाळाला आठ्या घालून बघायचा प्रयत्न करत होता आणि पापण्या खालीच येत होत्या. तिने तिच्या गावाकडे हे पाहिलेलं होतं. ती म्हणाली, "याला पान लागलंय, गाडी काढा." साप कुणी पाहिला नव्हता. अंगावर खूण सापडली नाही. बागवाल्याने वाद न घालता पिकअप काढली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला होता. त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. तो वाचला. त्या बाईचं निदान त्या पहाटे सगळ्यांच्या पुढे होतं.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर काम करतं. स्नायूंना मेंदूचा निरोप पोचत नाही, मग पापण्या, जीभ, मान, हातपाय आणि शेवटी श्वास. नसांची टोकं एकदा बिघडली की सापाच्या विषावरची लस ते नुकसान उलटवू शकत नाही, शरीराने ती दुरुस्त करेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवावा लागतो. अशा माणसाचे डोळे मिटलेले असतात, हात हलत नाही, हाक मारली तर ओ देता येत नाही, पण त्याला ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी उभं राहून नातेवाइकांनी "गेला" म्हणून रडू नये, ही गोष्ट प्रत्येक गावात माहीत असायला हवी.

घोणशीचं सगळंच निराळं. जाड अंग, आखूड शेपटी, खरखरीत खवले आणि पाठीवर कडा काळ्या असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. लोक तिला साखळी म्हणतात ते बरोबर आहे. आणि आवाज. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी जोराची वाफ सुटते तसा, लांबलचक, थांबत नाही असं वाटायला लावणारा फूत्कार. छाटणीच्या काड्यांचा ढीग उचलायला वाकलेल्या बाईने तो आवाज ऐकला आणि ती जागच्या जागी थिजली, हे मी समोर पाहिलंय. तिने हात मागे घेतला, एक पाऊल मागे, मग दुसरं. ढिगात कुठे आहे ते दिसत नव्हतं. वाळलेली पानं, काड्या, माती, त्यातच ती होती. दादा आल्यावर त्यांनी लांब हुकने वरच्या काड्या बाजूला केल्या तेव्हा कळलं की जिथे तिचा हात जाणार होता तिथून ती वीतभर अंतरावर बसली होती.

घोणस म्हणून मारली जाणारी बिचारी म्हणजे डुरक्या घोणस. त्याच्याही पाठीवर तपकिरी डाग असतात, अंगही जाड. पण डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, त्यात घोणशीसारख्या नेमक्या तीन रांगा लागत नाहीत. शेपटी बोथट आणि एकदम आखूड, मान वेगळी दिसत नाही, डोळे बारीक. माती उकरून राहणारा, सुस्त साप आहे. अजगराच्या पिल्लालाही लोक घोणस समजतात. त्याच्या डागांचे आकार ओबडधोबड आणि मोठे असतात, अंग गुळगुळीत असतं.

नाशिककरांनी घोणशीबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. साप म्हणजे पावसाळा असं आपल्या डोक्यात बसलंय. घोणस मात्र हिवाळ्यात जास्त दिसते. तो तिचा मिलनाचा काळ असतो आणि थंडीमुळे ती उन्हाला बाहेर येते. निफाडचा पारा एका आकड्यात उतरला अशी बातमी पेपरात येते, त्या दिवसांत ती भर सकाळी बांधावर, पायवाटेवर, बागेच्या कडेला ऊन घेत पडलेली असते. आणि हेच दिवस बागांमध्ये माणसांची सगळ्यांत जास्त ये-जा असण्याचे. घोणस पळून जात नाही. ती जागेवर बसून राहते, आपल्या रंगावर विश्वास ठेवून, आणि पाय पडला की चावते. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या सुरुवातीला ती पिल्लं देते, अंडी घालत नाही, आणि पिल्लं एकदम वीस-तीस, कधी त्याहून जास्त. प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विषासह.

नागाच्या पिल्लाचंही तसंच. जून-जुलैत अंड्यातून बाहेर आलेलं वीतभर पिल्लू फणा काढून उभं राहतं. ते बघून माणसं मोबाइल काढतात आणि जवळ जातात, लहान आहे म्हणून. असं करू नका. कळकळीने सांगतेय.

नागाची ओळख सोपी, असं सगळ्यांना वाटतं, आणि फणा काढलेला असेल तर ती सोपी आहेच. फणा काढलेला नसेल तर तो निव्वळ एक तपकिरी किंवा गव्हाळ, गुळगुळीत, लांब साप असतो, आणि तिथे धामणीशी गल्लत होते. धामण नागापेक्षा लांब होते, सात-आठ फुटांपर्यंत. तिचे डोळे मोठे, टपोरे. मान डोक्यापेक्षा बारीक, स्पष्ट वेगळी. ओठांवर उभ्या काळ्या रेघा, आणि अंगाच्या मागच्या अर्ध्या भागात काळसर आडव्या रेषा. नागाला ओठांवर तशा रेघा नसतात, आणि डोकं अंगात सरळ मिसळून गेलेलं असतं. धामण दिवसा हिंडते, माणूस दिसला की विलक्षण वेगाने पळते. पळणारी धामण एकदा पाहिली की ती चाल ओळखता येते.

धामणीबद्दल आपल्याकडे इतकं खोटं बोललं जातं की मला ते ऐकवत नाही. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे. ती नागाची मादी असते म्हणे. सापाला ओठांनी चोखता येत नाही, त्याची तोंडाची रचनाच तशी नाही, आणि नागाची मादी ही नागीणच असते, तिलाही फणा असतो. धामण उंदीर खाते. तिच्या पोटात जाणारा प्रत्येक उंदीर हा कांद्याच्या चाळीतून, धान्याच्या कणगीतून, ठिबकच्या कुरतडलेल्या नळीवरून कमी होणारा उंदीर असतो. मामांच्या चाळीत एक मोठी धामण राहायची. मामांनी तिला मारायचं ठरवलं होतं, मजूर घाबरतात म्हणून. मी आणि दादा त्यांना चाळीपाशी घेऊन गेलो आणि दुपारी ती उन्हात आली तेव्हा दहा-बारा हातांवरून तिच्या ओठांवरच्या रेघा दाखवल्या. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "राहू दे तिला. पण मजुरांना तूच सांग." मी मजुरांना सांगितलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबांना हे आधीच माहीत होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गंगापूरच्या कालव्यात, गोदावरीच्या काठाने, नांदूर मध्यमेश्वरच्या दलदलीत दिसते ती दिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे ठिपके, डोळ्याखालून तिरप्या दोन काळ्या रेघा. मासे-बेडूक खाणारी, पूर्ण बिनविषारी, पण स्वभावाने तापट. डिवचली तर मान चपटी करून उभी राहते आणि कडकडून चावते. मान चपटी केलेली दिसली की कुणीतरी "नाग!" म्हणून ओरडतं आणि तिचा शेवट होतो. तापट असणं आणि विषारी असणं यांचा काही संबंध नाही, हे दिवड आणि मण्यार शेजारी ठेवल्या की समजतं.

फुरशाचं थोडक्यात. ते कोकणात जास्त प्रसिद्ध, पण कोरडे, खडकाळ माळ त्याला मानवतात. गड-डोंगर चढताना दगड धरण्याआधी पाहावं. लहान साप, अंगावर पांढरट नागमोडी नक्षी, डोक्यावर बाणासारखी खूण. घाबरलं की वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं आणि झेप विजेची. मांजऱ्या साप त्याच्यासारखा वाटतो, पण तो सडपातळ, लांब मानेचा, मोठ्या डोळ्यांचा. मांजऱ्या आणि झाडावरचा हिरवागार हरणटोळ हे दोघे निमविषारी, त्यांच्या चाव्याने माणसाला जिवाचा धोका नसतो. हरणटोळ टाळू फोडतो वगैरे ऐकलं असेल तर ते सोडून द्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. साप दिसतो तेव्हा ओळख उपयोगी आहे. तिच्यामुळे धामण वाचते, कवड्या वाचतो, आणि घोणशीपासून आपण वेळेत लांब होतो. साप चावल्यावर मात्र तुमच्या-माझ्या ओळखीचा उपयोग शून्य. त्या क्षणी "बिनविषारी होता, मी बघितलाय" हे वाक्य कुणीही बोलू नये, दहा वर्षं साप पकडणाऱ्यानेही नाही. चावलेली प्रत्येक व्यक्ती दवाखान्यात गेलीच पाहिजे. सापाला शोधत बसायचं नाही, मारून पिशवीत घालून न्यायचं नाही. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकत्रित चालते. हाफकिन या सरकारी संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून ती तयार करण्याचं काम दशकानुदशकं होत आलंय. डॉक्टर साप पाहून नव्हे, रुग्णाची लक्षणं पाहून ती देतात. पापण्या तपासतात, श्वास तपासतात, आणि एक साधी चाचणी करतात: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहत असेल, तर घोणस किंवा फुरसं. एवढ्या एका नळीत तुमच्या मारलेल्या सापापेक्षा जास्त माहिती असते.

तोवर करायचं ते इतकंच: माणसाला धीर द्यायचा, चालवायचं नाही, चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या, कडी, जोडवी काढायची, आणि 108 ला फोन करायचा किंवा हाताशी असेल ती गाडी काढायची. करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, कोंबडी लावणं, यातलं काही नाही. भगताकडे जायचंच असेल तर दवाखान्यातून घरी आल्यावर जा. मी भगतांना हिणवत नाही. पेठ-सुरगाण्याकडे रात्री-अपरात्री लोकांना हाक मारायला तोच जवळ असतो, आणि काही भगत आता स्वतःच "आधी दवाखाना" सांगतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करता करता गावोगाव जाऊन लोकांना हेच सांगितलं. तशी माणसं प्रत्येक तालुक्यात हवीत.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेलाय. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक सगळे खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि 2024 मध्ये केंद्र सरकारनेही हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. दुर्लक्षित का, याचं उत्तर आकड्यांतच आहे. जे मरतात ते जमिनीवर झोपणारे, अनवाणी चालणारे, अंधारात मोटार चालू करायला जाणारे.

सर्पमित्रांबद्दल एक गोष्ट मनापासून. ज्यांच्या व्हिडिओत नाग तोंडाजवळ धरलेला असतो, गळ्यात घातलेला असतो, त्यांच्याकडून काही शिकू नका. दादा साप हुकने उचलतात, नळीतून पिशवीत घेतात आणि निघून जातात, बघण्यासारखं त्यात काहीच नसतं. वनविभागाच्या परवानगीशिवाय साप पकडणं, मारणं, बाळगणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनविभागाला 1926 वर कळवा, तोवर मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा आणि लांबून सापावर नजर ठेवा, म्हणजे तो कुठे गेला ते शोधत बसावं लागत नाही.

नागपंचमीला आमच्याकडे अजून काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, पुरणाचे दिंड उकडतात. माझी आजी त्या दिवशी जमीन खणू द्यायची नाही. पावसाच्या ऐन दिवसांत, पिल्लं बाहेर पडलेली असताना जमिनीला हात लावायचा नाही, ही प्रथा मला फार आवडते. दूध पाजण्याचा भाग मात्र थांबायला हवा. तहानलेला ठेवलेला साप दूध पितो आणि त्याला ते पचत नाही.

यंदा ऑक्टोबर छाटणीच्या आधी मामांशी पुन्हा बोलणं झालं. मजुरांच्या खोलीत बाजा आणि मच्छरदाण्या द्यायच्या का, असा प्रश्न होता. मण्यारीपासून वाचायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. जमिनीपासून वर झोपायचं, मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची, आणि रात्री उठलं तर पाय खाली टाकण्याआधी बॅटरी. मामा खर्चाचं बोलले, बाजा कुणी उचलून नेईल म्हणाले, दर वर्षी वेगळी माणसं येतात म्हणाले. मामी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "औषधाच्या एका फवारणीला किती जातात ते सांगा आधी." मामांनी आकडा सांगितला. पुढच्या आठवड्यात टेम्पोतून बाजा आल्या. मच्छरदाण्या मी पंचवटीतून घेतल्या, दुकानदाराला त्या दुहेरी बाजेवर पुरतील एवढ्या मोठ्या, खोचायला कड उरेल अशा मागितल्या. शेजारच्या दोन बागवाल्यांनी त्या कुठून घेतल्या ते विचारलंय.